घरगुती उद्योग : दूध-अंड्याविना भरलेले डोनट

डोनट आता मोठ्या शहरांतील काचेच्या दुकानांपुरता राहिलेला नाही. गल्लीतल्या बेकरीतही तो मिळतो. त्यातच दूध, लोणी, अंडे, मध यांपैकी काहीच न खाणारे गिऱ्हाईकही भेटू लागले आहे. अशा आहाराला 'व्हेगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. कोणी तत्त्व म्हणून असे खातो, कोणाला दूध पचत नाही, तर काही मुलांना दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असते. या शेवटच्या गिऱ्हाइकाचा विचार आम्ही सर्वांत आधी करू, कारण तेथे विकणाऱ्याचा निष्काळजीपणा मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. सुती म्हणून दिलेल्या कापडाचा धागा जाळून पाहिला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. दोन मिनिटांत निवाडा. डोनटची अशी परीक्षा गिऱ्हाइकाला करता येत नाही. तो आपल्या शब्दावर माल तोंडात घालतो. म्हणून कृतीकडे वळण्यापूर्वी सामानाची पाकिटे वाचायला शिकावे.

हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होऊ नये. तो शाकाहाराचा ठिपका आहे आणि शाकाहारात दूध बसते. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या फेसाळ क्रीममध्येही सोडियम केसिनेट असू शकते, आणि केसिनेट दुधापासूनच निघते. मार्गारीनमध्ये कधी दुधाची भुकटी असते. काळ्या चॉकलेटातही ती आढळते. गुलाबी रंगासाठी आयएनएस १२० वापरला असेल तर तो किड्यांपासून मिळवलेला रंग होय. चकाकीसाठी वापरले जाणारे ९०४ म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव. ४७१ वनस्पतीच्या तेलापासूनही बनते आणि जनावराच्या चरबीपासूनही, म्हणून तेथे कंपनीला लेखी विचारावे. जिलेटिन काय असते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. हलाल-हरामच्या निमित्ताने पाकीट उलटून पाहण्याची सवय आपल्या घरांत आहेच. या धंद्यात तीच कामी येते. यीस्टबद्दल पुष्कळांना शंका असते, पण ते बुरशीच्या जातीचे आहे, प्राणिज नाही. आणि बटर पेपर! नाव बटरचे असले तरी त्यात लोणी नसते.

आता कृती. सोळा नगांसाठी मैदा ५०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, वास नसलेले तेल ५० ग्रॅम, उकडून बारीक कुस्करलेला बटाटा १०० ग्रॅम आणि बिनसाखरेचे सोया दूध सुमारे २२० मिलिलिटर घ्यावे. सर्व जिन्नस काट्यावर तोलावेत, वाटीने मोजू नयेत. अंड्यामुळे येणारा मऊपणा येथे बटाटा देतो; तो ओलावा धरून ठेवतो. सोया दुधात प्रथिने असल्यामुळे रंगही चांगला चढतो. सोया दूध घरी काढायचे तर सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून चांगले पंधरा मिनिटे उकळावे. कच्चे वापरू नये, ते पचायला बाधते.

दूध कोमट असावे, कढत नको. कढत दुधाने यीस्ट मरते. तेल सोडून सर्व एकत्र करून मळावे, नंतर तेल थोडे थोडे मुरवावे. दहा-बारा मिनिटे मळल्यावर पिठाचा लहान तुकडा बोटांवर ताणून पाहावा. मलमलीसारखा पातळ पडदा न फाटता धरला तर मळणे पुरे झाले. मैदा प्रत्येक गिरणीचा वेगळा पाणी पितो, तेव्हा दुधात चमचा-दोन चमचे कमी-जास्त होणारच. पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे. मुंबईच्या उकाड्यात तासाभरात होते, मालेगावच्या थंडीत दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

बहुतेक ठिकाणी पीठ लाटून वाटीने गोल कापायला सांगतात. आमचा सल्ला वेगळा आहे. वाटीने कापले की कातरण उरते, आणि ते पुन्हा मळून केलेले डोनट चिवट होतात. त्यापेक्षा ५५ ते ६० ग्रॅमचे गोळे तोलून घ्यावेत, गुळगुळीत वळावेत, किंचित दाबावेत आणि बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यांवर एकेक ठेवावेत. पाऊण तासाने ते हलके होतात. बोटाने हळूच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तळायला घ्यावेत. कागदासकट कढईत सोडावे आणि कागद लगेच चिमट्याने काढून घ्यावा, म्हणजे हाताचा दाब बसून फुगलेला माल बसत नाही.

तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटरवरचा खर्च पहिल्या महिन्यातच वसूल होतो. तेल थंड असेल तर डोनट तेल पितो. जास्त तापले तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. एकेक बाजू दीड ते दोन मिनिटे पुरते. कमरेभोवती फिकट पट्टा दिसला तर माल नीट फुगला असे समजावे. सूर्यफुलाचे किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल बरे. शेंगदाण्याची ॲलर्जीही असते. ज्या कढईत काल चिकन पॅटिस किंवा पनीर तळले ती कढई आणि ते तेल येथे चालणार नाही. या मालासाठी कढई, झारा आणि चाळणी वेगळी ठेवावी. शिवाय यात गहू आणि सोया आहे, हे डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

भरणासाठी सर्वांत सोपा जॅम. अंड्याविना कस्टर्डही छान होते. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने, बायकोला अंडे सोसत नसल्यामुळे, मक्याच्या पिठाचे कस्टर्ड तयार केले आणि पुढे तोच त्याचा मोठा धंदा झाला. अर्धा लिटर सोया दूध, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ९० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि रंगापुरती हळद मंद आचेवर ढवळत घट्ट करावी, शेवटी व्हॅनिला घालावा. वर साय धरू नये म्हणून कागद चिकटवून गार करावे. कोकणी घरांत गूळ-खोबऱ्याचे सारण भरून पाहावे. आमच्या मते जॅमपेक्षा तेच उजवे, पण ओले खोबरे लवकर खराब होते, त्याच दिवशी संपले पाहिजे. डोनट पूर्ण गार झाल्यावर फिकट पट्ट्यावर भोक पाडून, मेंदीच्या कोनासारख्या मोठ्या कोनाने प्रत्येकी २० ग्रॅम भरावे. साखरेचे सारण घट्ट असेल तर कोनाचे तोंड जरा मोठे कापावे.

किंमत ठरवताना बायका स्वतःचे श्रम धरत नाहीत, ही घरगुती मालाची जुनी खोड आहे. पहिल्या घाण्याआधी आणि शेवटच्या घाण्यानंतर तेल तोलावे. जेवढे घटले तेवढे खर्चात धरावे. गॅस, डबा, फुटका माल आणि तीन तासांची मजुरी मिळवून एकूण रकमेला सोळाने भागावे, मग नफा चढवावा.

विक्रीसाठी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी घरगुती उत्पादकालाही लागते. डब्यावर 'व्हेगन' छापायचे तर २०२२ चे स्वतंत्र नियम लागू होतात. कच्चा माल कोठून आला याचा माग ठेवावा लागतो आणि व्हेगनचे सरकारी चिन्ह मंजुरीशिवाय वापरता येत नाही. म्हणून प्रत्येक खरेदीची पावती आणि पाकिटाचा कागद तारखेसह वहीत चिकटवावा.

तळलेला डोनट त्याच दिवशी विकावा. सगळे एकदम भरून ठेवू नयेत. ऑर्डर येईल तसे भरावेत, म्हणजे डोनट ओला पडत नाही. कस्टर्ड फ्रीजमध्ये ठेवावे, आणि कस्टर्ड भरलेला नग दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर तो गिऱ्हाइकाला देऊ नये.