पाऊस मोजण्याविषयी पाठ
शास्त्रपाठ : लूक १२:५४-५६

या वचनांत प्रभू लोकांस त्यांच्याच अनुभवाची आठवण देतो. पश्चिमेस मेघ उठला की पाऊस येणार, दक्षिणेचा वारा सुटला की उष्मा होणार, हे ते जाणत असत. कनान देशाच्या पश्चिमेस समुद्र आहे. मुळशीच्याही पश्चिमेस, सह्याद्रीपलीकडे, समुद्रच आहे. म्हणून येथील शेतकऱ्यास हे वचन फोड करून सांगावे लागत नाही. आभाळ पाहण्याच्या ज्ञानास प्रभूने दोष दिला नाही. समोरचा काळ न ओळखण्यास दिला.

शेतीचाही काळ आता पालटला आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, कारण ते सूर्याच्या गतीवर ठरते. पाऊस त्या दिवसास बांधलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली म्हणजे तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, हे ध्यानात घेतले म्हणजे यात नवल वाटणार नाही. पहिल्या सरीवर भाताचे बी टाकावे आणि पुढे उघडीप पडून रोप करपावे, किंवा कापून पसरलेले भात शेतातच भिजावे, असे ज्या घरी घडते तेथे वर्षाचे अन्न व पुढचे बियाणे दोन्ही जातात.

साह्य दूर नाही. हवामान खात्याची कृषिशाखा पुण्यास १९३२ साली निघाली. शेतकऱ्यांसाठी नभोवाणीवरून हवामानवार्ता १९४५ पासून सुरू झाली. आणि २०१९ पासून ‘मेघदूत’ हे साधन मोबाइलवर मराठीतही सल्ला देते. भात कापण्यापूर्वी तो अवश्य पाहावा. अंदाज चुकतो म्हणून त्यास हसणारे पुष्कळ आहेत. पण तेच लोक पंचांगाच्या चुका सहज विसरतात!

तथापि ताम्हिणीचा पाऊस व पिरंगुटचा पाऊस यांत फार अंतर आहे. तेव्हा प्रत्येक मंडळीने आपला पाऊस आपण मोजावा, अशी आमची विनंती आहे. सरळ उभ्या बाजूंचे, सपाट बुडाचे भांडे झाडा-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाणी पट्टीने मोजून वहीत लिहावे व भांडे रिते करावे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर. हे काम शब्बाथशाळेच्या मुलांस द्यावे, आणि आठवड्याची बेरीज रविवारी मंदिराच्या फळ्यावर लिहावी.