मोह: झाडाखालून बरणीपर्यंत

द्राक्षमळे नाशिकला. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घराण्याची मिळकत म्हणजे मोहाची झाडं. भावाभावांत वाटणी झाली की जमिनीबरोबर झाडंही वाटली जातात, आणि कुठलं झाड कुणाचं हे पोराटोरांनाही पाठ असतं. बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की भट्टीच आठवते. पण मोह साधतो किंवा बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, वेचताना आणि वाळवताना.

होळीच्या सुमारास फुलं गळायला लागतात. त्याआधी झाडाखालची जागा साफ करा. पाचोळा पेटवून मोकळं होणं सोपं असतं, पण आग लांब जाते, रोपं जळतात आणि फुलाला राख चिकटते. खराट्याने झाडून घ्या. जुन्या साड्या किंवा जाळी कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधली तर उत्तमच; फुलाला माती लागत नाही आणि कंबरही वाचते.

फूल पहाटे गळतं. उजाडायच्या आत टोपली घेऊन पोचा, नाहीतर शेळ्या आधी पोचतात. ताजं फूल फिकट पिवळं, फुगीर, आतून पोकळ. चिमटीत दाबलं की बोटं चिकट होतात. वेचलेलं फूल टोपलीत दाबून दुपारपर्यंत ठेवू नका. ढीग आतून गरम होतो आणि तिथेच आंबायला लागतो.

आता खरं काम. सारवलेल्या अंगणात किंवा चटईवर एकेरी थर पसरा. दिवसातून दोन-तीनदा हात फिरवा, संध्याकाळी गोळा करून झाका. दव पडलं तर फूल काळं पडतं आणि उग्र वास धरतं. तीन ते पाच उन्हं पुरतात. रंग मनुकांसारखा तांबूस झाला की मूठभर फुलं घट्ट आवळून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर अजून एक ऊन, फुलं सुटी झाली तर झालं. पाच किलो ओल्या फुलांचं किलो-सव्वा किलो सुकं हाती येतं. मग हलकं बडवून, पाखडून आतले केसर काढा. खायचा मोह असेल तर हे टाळू नका. केसर जिभेला खरखरतात.

पावसाळ्यात सुकं फूल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून लिंपलेल्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालून किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

इथून वाट फुटते. मडक्यात फुलं आणि पाणी घालून ठेवलं की यीस्ट विकत आणावं लागत नाही, ते फुलावरच असतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत बुडबुडे येऊन जातात. देवमोगरा गावात याहामोगी मातेच्या पायाशी चढते ती दारू याच फुलाची. पण परवान्याशिवाय दारू गाळणं 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ती कृती इथे नाही. फूल वेचणं-साठवणं यावरचे निर्बंध राज्याने 2021 साली सैल केले. आणि नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या अलीराजपुरात तीच दारू सरकारमान्य ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरली जाते! नदी ओलांडली की गुन्ह्याचा वारसा होतो.

आपण पाक करू. दोन वाट्या सुकी फुलं तीन पाण्यांतून धुवा. चार वाट्या पाण्यात तीन-चार तास भिजवा. रात्रभर नको, चैत्रातल्या उकाड्यात सकाळी भांड्याला फेस आलेला दिसेल. त्याच पाण्यात अर्धा तास मंद शिजवा, कुस्करा, फडक्यातून पिळून घ्या. गाळलेलं पाणी जाड बुडाच्या पातेल्यात आटवा. साखर अजिबात घालायची नाही. शेवटची दहा मिनिटं हलवत राहा, तळाशी लगेच लागतं. पळीवरून थेंब न पडता तार सुटली की उतरवा.

गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरा. ज्वारीच्या गरम भाकरीवर हा काळसर पाक ओता आणि वर थोडं तीळकूट. उरलेला चोथा शेळ्यांना. पहाटेपासून त्या त्याचीच वाट बघत असतात.