पाण्याखालचे गाव आणि पेन्सिलीची रेघ



चित्रकलेचा तास म्हणजे विरंगुळा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला तो मान्य नाही. प्रामाणिक रेखाटन हा इतिहासाचा पुरावा असतो.

अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे रंगविल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ते काम पुन्हा केले. लेण्यांतील रंग झडत गेले; विद्यार्थ्यांच्या हातच्या प्रती मात्र आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

आता आपल्या काठाकडे पाहू. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि अनेक गावे यशवंतसागरात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर आणि कुगावचा इनामदार वाडा उघडे पडतात. ती बांधकामे दगडाची आहेत. गावकुसाबाहेरील आपली घरे मातीची होती. ती पाण्यात विरघळली. आज ती केवळ वृद्धांच्या स्मरणात उभी आहेत.

म्हणून या सुट्टीत आजीआजोबांजवळ कागद घेऊन बसा. प्रथम नदी व उत्तर दिशा काढा. मग वाटा, पाणवठा आणि शेवटी घरे. अंतर पावलांत विचारा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही रेघा ठेवा. जे आठवत नाही, ती जागा कोरी सोडा. शोभेसाठी तेथे झाड काढू नका. कोपऱ्यात सांगणाऱ्याचे नाव व दिनांक लिहा.

माझ्या निरक्षर आईने आमच्या बुडालेल्या गावाचा असा नकाशा काढला, तेव्हा नदीवर दोन पाणवठे दाखविले: गावाचा वरच्या अंगाला, आपला खालच्या. मी ते विचारले नव्हते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी तिच्या थरथरत्या रेघेत दिसला.

हे सांगणारे हात थकत चालले आहेत. पेन्सिल लवकर हाती घ्या.

जयभीम!