बागेंतील खोपटाची शाकारणी

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या बागेच्या कोपऱ्यांत अवजारें ठेवण्याचें जें कौलारू खोपट आहे, त्याच्याकडे आपलें एरवीं लक्ष जात नाहीं. कुदळी, फावडीं, झाऱ्या आणि पुढील वर्षाचें बियाणें एवढाच त्याचा संसार. परंतु गेल्या पावसाळ्यांत या खोपटानें आम्हांस एक धडा शिकविला, आणि शिकवितांना आमची फजितीहि केली. तो धडा जसा घडला तसाच येथें सांगतों.

श्रावणांत आठवडाभर झड लागली होती. ती ओसरल्यावर खोपट उघडून पाहतों तों वालाच्या व भेंडीच्या बियाण्याची पेटी भिजून गेलेली, आणि बियाण्यावर बुरशी चढलेली. पेटी खिडकीखालीं होती. त्या आठवड्यांत खोपट बंद करण्याची पाळी आठवीच्या एका मुलाची होती. त्यानेंच खिडकी उघडी टाकली असें आम्हीं मनाशीं ठरविलें, आणि साऱ्या वर्गासमक्ष त्याला बोल लाविला. तो एवढेंच म्हणाला, "सर, खिडकी मीं रोज लावीत होतों." आम्हीं तें मानलें नाहीं.

त्याच सायंकाळीं पुन्हां पाऊस आला. खिडकी घट्ट लावून आम्ही स्वतः आंत उभे राहिलों. पाहतों तों, खिडकीच्या वर जो वासा होता त्यावरून थेंबामागून थेंब नेमका पेटीच्या जागीं पडत होता! खिडकीचा या प्रकाराशीं कांहीं एक संबंध नव्हता.

आतां हें पाणी कोठून आलें? थेंबाच्या बरोबर वरचें कौल पाहिलें, तें धड होतें. गळतीच्या शोधांतील पहिला नियम येथेंच कळतो. पाणी जेथें गळतें तेथेंच तें शिरलेलें असतें असें नाहीं. कौलाखालीं शिरलेलें पाणी रिपेवर उतरतें, रिपेवरून वाशावर येतें, वाशाच्या उतारानें खालीं वाहत जातें, आणि एखादी गांठ किंवा खांच आडवी आली कीं तेथें थेंब होऊन पडतें. म्हणून शोध नेहमीं थेंबापासून वर, आढ्याच्या दिशेनें करावा. वाशावरील ओल्या रेघेचा माग काढीत आम्ही दोन हात वर गेलों. तेथें रीप काळी पडून कुजली होती, आणि तिच्यावरच्या कौलांवर सिमेंटचें एक ठिगळ होतें. तें ठिगळ आम्हींच दोन वर्षांपूर्वीं, कौल बदलण्याचा कंटाळा करून, लाविलेलें होतें.

हें ठिगळ कां बाधलें, तें समजण्यास कौलाची रचना समजली पाहिजे. खोपटावर मंगलोरी कौलें आहेत. जुन्या नळीच्या कौलांना एकमेकांत गुंतण्याची सोय नसते; वारा, वानरें व मांजरें यांनीं तीं सहज सरकतात, म्हणून त्यांची शाकारणी दरवर्षीं करावी लागते. मंगलोरी कौलाच्या एका कडेस खोबण व दुसऱ्या कडेस उंच धार असते. एकाची धार शेजाऱ्याच्या खोबणींत बसते. पाठीवरचे उंचवटे रिपेस अडकतात, आणि वरच्या कौलाची खालची कड खालच्या कौलावर येते. अशा गुंतणाऱ्या कौलाची युक्ति आल्सेस प्रांतांतील गिलार्डोनी बंधूंनीं १८४१ सालीं काढली. आपल्या देशांत अशीं कौलें करण्याचा कारखाना बासेल मिशनचे गिओर्ग प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळुरास नेत्रावतीच्या काठीं घातला. तेथील माती या कामास उत्तम ठरली, आणि किनाऱ्यानें गलबतांतून हीं कौलें मुंबईपर्यंत आलीं.

आतां ध्यानांत येईल कीं, खोबण ही पाण्याची वाट आहे. आमच्या सिमेंटनें तीच वाट बुजविली. तुंबलेलें पाणी धारेवरून पलीकडे रिपेवर उतरूं लागलें. शिवाय लाकूड ओलीनें फुगतें व उन्हानें आकसतें. कौलास घट्ट चिकटलेलें सिमेंट त्याबरोबर हलूं शकत नाहीं, म्हणून त्याला बारीक चिरा पडतात. ठिगळानें गळती थांबली नव्हती. ती केवळ आमच्या दृष्टीआड झाली होती.

पावसांत कौलें निसरडीं असतात, म्हणून तेव्हां नुसती ताडपत्री बांधली. खरी शाकारणी एप्रिलांत, परीक्षा संपल्यावर, केली. तिची रीत अशी.

प्रथम भर दुपारीं खिडकी-दार लावून आंत उभें राहावें. जेथून उजेडाचा कवडसा येईल तेथें खडूनें खूण करावी. कवडसा दिसत नसेल, तर एकानें बाहेरून झारीनें पाणी घालावें व दुसऱ्यानें आंतून पाहावें. पाणी वळचणीपासून सुरू करून हळूहळू वर न्यावें. प्रथमच आढ्यावर ओतलें तर तें सगळीकडे पसरून कांहींच उमगत नाहीं.

छपरावर जाणें मुलांचें काम नव्हे. आमचा गवंडी वर होता. शिडी बांधलेली होती, आणि कौलांवर आडवी फळी टाकून तो तिच्यावरून वावरत होता. फुटकें कौल काढण्यास वरच्या कौलाची खालची कड किंचित् उचलावी, फुटकें कौल वर सरकवून रिपेवरून सोडवावें व अलगद ओढून घ्यावें. कुजलेली रीप मध्येंच तोडून जोडूं नये. या वाशापासून त्या वाशापर्यंत नवा तुकडा घालावा, म्हणजे दोन्हीं टोकांस आधार मिळतो. नवें कौल घेतांना बोटानें वाजवून पाहावें. खणखणीत वाजलें तर घ्यावें, बद्द वाजलें तर त्यांत चीर आहे असें समजावें. सगळीं खोबणी झाडून कुजलेला पाला काढावा. कौलें वळचणीकडून आढ्याकडे रचीत जावें, म्हणजे वरचें खालच्यावर आपोआप येतें. सिमेंट लावावें तें केवळ आढ्यावरच्या कौलांस.

हें सारें काम एका सकाळचें होतें. तें दोन वर्षें टाळल्यामुळें वर्षाचें बियाणें गेलें. तें पुन्हां मिळालें. परंतु त्या मुलास लाविलेला बोल परत घेण्यास बियाणें आणण्याहून अधिक धैर्य लागलें. ज्या वर्गापुढें तो बोललों होतों, त्याच वर्गापुढें दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याची क्षमा मागितली. एप्रिलांत गवंड्याच्या हातीं कौलें देण्यास तो आपण होऊन आला होता. कौल वाजवून पाहण्यांत त्याचा कान आमच्याहून तिखट निघाला.

तेव्हां मित्रांनो, मृगाच्या आधीं आपापल्या घरचें छप्पर एकदां आंतून पाहून घ्या. आणि थेंब पडतांना दिसला, तर खालीं जो उभा असेल त्याला दोष देण्यापूर्वीं वर पाहा.