क्राकोव्हला निघालेलं काम

चि. केतकीस,


परवाच्या फोनवर मामा फारसं काही बोलला नाही, म्हणून तू हिरमुसलीस. हिंजवडीहून निघालेल्या कॅबमधून तू सांगत होतीस: जर्मन क्लायंटची प्रोसेस पोलंडमधल्या क्राकोव्हला चालली आहे, केटी, म्हणजे तिथल्या लोकांना काम शिकवून सोपवणं, सुरू झालंय, बारा जणांच्या टीममधल्या सात जणांना दुसरीकडे सामावून घेणार आणि उरलेल्यांचं काहीच ठरलेलं नाही. मग तू विचारलंस, "तिथे पगार आपल्याहून इतके जास्त, तरी हे त्यांना परवडतं कसं?" परदेशी कंपन्यांची कामं इथे करण्याच्या याच धंद्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याचं उत्तर हॉर्नच्या आवाजात, दोन वाक्यांत द्यायचं नव्हतं.

काम कुठे न्यायचं, त्या देशांची पहिली यादी पगार बघूनच बनते, हे खरं. पण त्या यादीत दहा-पंधरा देश सहज बसतात आणि खरी निवड तिथून पुढे सुरू होते. अगदी जुनं उदाहरण बघ. १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालक कंपनीने टल्सा शहरातलं डेटा एंट्रीचं काम बार्बाडोस बेटावर नेलं. प्रवाशांनी वापरलेली तिकिटं विमानात भरून तिथे पोचायची, तिथल्या मुली त्यांवरची माहिती संगणकात भरायच्या आणि ती उपग्रहामार्फत अमेरिकेत परत जायची. कॅरिबियन समुद्रात कमी मजुरीची बेटं आणखीही होती. पण बार्बाडोसमध्ये लोक इंग्रजी बोलत होते, जवळजवळ सगळे शिकलेले होते, फोन भरवशाचे होते आणि तिकिटांच्या गठ्ठ्यांसाठी कंपनीची स्वतःची विमानं तिथे जातच होती.

आपल्याकडेही असंच जुळत गेलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये बंगळूरला आली, ती इथल्या इंजिनिअरांसाठी. त्या काळी घरी फोन लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे कंपनीला अमेरिकेशी जोडणारा उपग्रह दुवा खास उभा करून घ्यावा लागला. पुढे सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले, त्यांतल्या पहिल्या तिघांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर आपलं पुणं होतं. करात सवलत मिळाली आणि छोट्या कंपन्यांनाही अशा दुव्यात वाटा मिळू लागला. १९९७ मध्ये जीई कॅपिटलने गुडगावला केंद्र काढलं, तेच २००५ मध्ये जेनपॅक्ट नावाने वेगळं झालं. रात्रभर दिवे जळणाऱ्या ज्या इमारती तू लहानपणापासून पाहत आलीस, त्यांची सुरुवात या काळातली.

कर्नी ही सल्लागार कंपनी २००४ पासून अशी कामं न्यायला योग्य देशांची क्रमवारी लावते. सुरुवातीच्या हिशेबात खर्चाला ४० टक्के वजन होतं. माणसांची उपलब्धता आणि कौशल्य यांना ३० टक्के आणि देशातल्या एकंदर व्यवस्थेला ३० टक्के. त्या यादीत भारत सतत वर राहिला. पण ही यादी वाचून कुणी करारावर सही करत नाही. तीन गोष्टींत पहिला येणारा देश एका विशिष्ट कामासाठी चौथाही ठरू शकतो.

फिलिपिन्सचंच घे. २०१० च्या सुमाराला फोनवर बोलण्याच्या कामात तो देश भारताच्या पुढे गेला. तिथले पगार भारतापेक्षा कमी नव्हते. पण १८९८ ते १९४६ तिथे अमेरिकेचं राज्य होतं. शाळा इंग्रजीतून, कायदे अमेरिकी वळणाचे, बास्केटबॉल गल्लीगल्लीत. ओहायोतला माणूस क्रेडिट कार्डाबद्दल चिडून बोलतो, तेव्हा त्याचा राग मनिलातल्या मुलीला लगेच कळतो. आपल्या मुलामुलींना तेच महिनोन्महिने ट्रेनिंग देऊन शिकवावं लागे. १९९५ च्या कायद्याने तिथे खास आर्थिक क्षेत्रं निघाली आणि करसवलतही मिळाली. परदेशी कंपन्यांना अशा सेवा देण्याच्या एकूण धंद्यात २०२३ मध्ये तिथे १७ लाखांच्या आसपास माणसं होती.

चीनमधलं दालियानही असंच. १९०५ ते १९४५ ते बंदर जपानच्या ताब्यात होतं. त्या वर्षांच्या आठवणी तिथल्या लोकांना सुखाच्या नाहीत. पण जपानी शिकण्याची आणि जपानशी व्यापाराची वाट तिथे टिकून राहिली. पुढे जपानी कंपन्यांना हिशेबाचं आणि सॉफ्टवेअरचं काम बाहेर द्यायचं झालं, तेव्हा जपानी वाचणारी हजारो माणसं टोकियोपासून काही तासांवर दालियानमध्ये होती. फ्रेंच कंपन्या याच कारणाने मोरोक्को, ट्युनिशिया, मादागास्करकडे वळल्या आणि मॉरिशसकडेही, जिथे आपल्या मराठी लोकांच्या पुढच्या पिढ्या आज फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही सहज बोलतात. भाषा ही पाच-दहा वर्षांत उभी करता येण्यासारखी गोष्ट नाही, त्यामुळे कंपन्या ती जिथे आयती मिळेल तिथे जातात.

भाषेनंतर भरवसा. आमच्या ऑफिसात क्लायंटची माणसं पाहणीला येणार असली की आदल्या दिवशी रिसेप्शनला झेंडूच्या माळा लागत आणि स्लाइड्स तीन-तीनदा तपासल्या जात. एकदा मँचेस्टरहून एक बाई आल्या. प्रेझेंटेशन अर्ध्यावर असताना त्या उठल्या, जनरेटर कुठे आहे ते विचारलं आणि तळघरात जाऊन इलेक्ट्रिशियनला मेन स्विच पाडायला लावला. मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजत त्या उभ्या राहिल्या. मग एकेक प्रश्न: डिझेलची टाकी किती तास पुरते, टँकर कुठून येतो, पावसाळ्यात त्या रस्त्यावर पाणी साचतं का. वर येऊन त्यांनी गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची यादी मागितली आणि सहा महिन्यांच्या आत गेलेल्यांच्या नावांवर पेन्सिलीने खुणा केल्या. रात्री अकरा वाजता त्या गेटपाशी थांबल्या आणि मुलींच्या कॅबमध्ये गार्ड बसतो की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका खुर्चीचा दर काय, हे त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.

इतकी खातरजमा करायला क्लायंटकडे कारणं होती. २००३ मध्ये डेलने ग्राहकांच्या तक्रारींमुळे बंगळूरहून काही कंपनी-ग्राहकांचे कॉल अमेरिकेत परत नेले. २००५ मध्ये पुण्यातल्याच एका कॉल सेंटरमधल्या काही जणांनी न्यूयॉर्कच्या खातेदारांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर लांबवले. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारताचं इंटरनेट मंदावलं. अशा प्रत्येक घटनेनंतर त्यांच्या तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढत गेला.

आता तुझ्या क्राकोव्हकडे ये. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात गेला. २०१८ पासून सगळ्या संघात माहिती-संरक्षणाचा एकच कडक कायदा आहे. जर्मन माणसाची माहिती पोलंडला पाठवणं म्हणजे घरातल्या घरात ठेवण्यासारखं. पुण्याला पाठवायची तर करारांची वेगळी चळत लागते. फ्रँकफर्ट आणि क्राकोव्हच्या घड्याळांत एका मिनिटाचाही फरक नाही. तिथे शाळेत इंग्रजीच्या खालोखाल जर्मन शिकवतात. तरीही हे सगळं काही वर्षांपूर्वीही होतंच आणि तेव्हा तुमचं काम पुण्यातच राहिलं. मग आता काय बदललं?

तूच फोनवर सांगितलंस, पण तुझ्या लक्षात आलं नाही. बिलं वाचून आकडे भरण्याचं काम आता सॉफ्टवेअर करतं. उरलं ते अडलेलं बिल, रागावलेला पुरवठादार आणि त्याच्याशी जर्मनमध्ये बोलून वाट काढणं. बारा खुर्च्यांच्या पाच होणार. म्हणजे पगारातल्या फरकाने होणारी बचतही बारावरून पाचवर येणार, आणि दर वर्षी तुमच्यातली जर्मन जाणणारी दोन माणसं सोडून गेली की नवीन माणूस तयार करायला लागणारे सहा महिने मात्र तेवढेच राहणार. क्लायंटने हा हिशेब मांडला आणि क्राकोव्ह जड जाईना. तुमच्या कामात खोट होती म्हणून हे झालेलं नाही. हे मनाला लावून घेऊ नकोस.

काम गेलं तरी मागे काय टिकतं, त्याचंही एक उदाहरण बघ. कोस्टारिकात इंटेलने १९९६ मध्ये चिपची जुळणी आणि चाचणी करणारा कारखाना जाहीर केला. छोट्या देशाला केवढा आनंद झाला असेल! २०१४ मध्ये ते काम आशियात गेलं आणि सुमारे दीड हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. पण इंजिनिअरिंगचा आणि सेवांचा विभाग तिथेच राहिला, कारण ती माणसं जे करत होती ते खोक्यात भरून हलवता येत नव्हतं. केतकी, हे तुला अगदी कळकळीने सांगायचं आहे. आपली खुर्ची पुण्यात कोणत्या कारणाने आहे, ते शोध. स्वस्त आहे म्हणून, रात्री जागी असते म्हणून, की अडलेलं बिल कसं सोडवायचं ते फक्त तुला माहीत आहे म्हणून? पहिल्या दोन कारणांवर कुणी संसाराचं कर्ज काढू नये.

२०२४ मध्ये भारतात परदेशी कंपन्यांची स्वतःची १,७०० हून अधिक केंद्रं होती आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसं काम करत होती. त्यांतली पुष्कळशी केंद्रं पुण्यात आहेत. तिथे आता नियम कुणी ठरवायचे, सॉफ्टवेअरची चूक कुणी पकडायची, यासाठी माणसं लागतात. म्हणून केटीत हातचं राखून ठेवू नकोस. उलट प्रत्येक अडचणीची नीट नोंद लिही, अपवाद कोणते, ते का झाले, सगळं. क्राकोव्हच्या लोकांना तर ते उपयोगी पडेलच, पण लिहिताना तुलाच दिसेल की सहा वर्षांत तू काय काय शिकलीस. नव्या ठिकाणी मुलाखतीत तेच सांगायचं आहे.

आणि जर्मन. तू दुसऱ्या पातळीवर सोडून दिलंस, तेव्हा तुझी आई फार हळहळली होती. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात पुढच्या बॅचचा अर्ज कधी सुटतो, ते या शनिवारी विचारून ये. फीचं मामा बघेल. जुनी पुस्तकं आमच्या माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत आहेत. मामीने काल ती उन्हात घातली.

तुझा,
मामा