चुलीवाचून उकळलेले पाणी

दिवाळीच्या आधी आमच्या घराला चुना द्यायचा होता. आप्पांनी बाजारातून कळीचा चुना आणला. खडे पत्र्याच्या टिपाडात टाकले आणि ते पाणी आणायला आडावर गेले. मला दम निघाला नाही. मी तांब्याभर पाणी खड्यांवर ओतले. आधी काहीच झाले नाही. मग खडे तडकू लागले, वाफ निघाली आणि पाणी खदखदा उकळले. धाकटा भाऊ वाकून बघत होता. एक शिंतोडा उडाला तो त्याच्या डोळ्याखाली गालावर. आजी ओरडली, "अगं, बघतेस काय! पाणी ओत त्याच्या तोंडावर. चोळू नको!" आम्ही बराच वेळ डोळा आणि गाल धुतला, मग त्याला दवाखान्यात नेले. डोळा वाचला. गालावर मात्र फोड आला.

रात्री मला झोप येईना. चूल नाही, जाळ नाही, मग पाणी उकळले कसे? दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "ती उष्णता भट्टीतली आहे."

मित्रांनो, कळीचा चुना चुनखडीपासून करतात. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. या क्रियेत उष्णता घेतली जाते, म्हणून तिला उष्माग्राही अभिक्रिया म्हणतात. कळीच्या चुन्यात पाणी घातले की त्याचा विरलेला चुना होतो. या वेळी उष्णता बाहेर पडते, म्हणून ही उष्मादायी अभिक्रिया.

गुरुजींनी फळ्यावर वाण्याच्या वहीसारखा हिशेब मांडला. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. १ किलो शुद्ध कळीच्या चुन्याचा हिशेब साधारण असा:

भट्टीत घेतलेली उष्णता : ७६० किलोकॅलरी
पाणी घालताना दिलेली : २८० किलोकॅलरी
बाकी : ४८० किलोकॅलरी

(भट्टीत जळण याहून पुष्कळ जास्त लागते, कारण बरीच उष्णता धुराबरोबर वाया जाते.)

२८० किलोकॅलरी म्हणजे किती? ४ लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापेल एवढी! माझ्या तांब्यात तर जेमतेम लिटरभर पाणी, आणि टिपाडात किलोच्या किलो चुना. एवढी उष्णता एवढ्याशा पाण्याला कशी झेपणार? ते उकळून उडाले. तेव्हा माझी चूक मला कळली.

मी विचारले, "गुरुजी, मग बाकीची ४८० कुठे गेली?" गुरुजी हसले आणि म्हणाले, "ती तुमच्या भिंतीवर आहे."

भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधासारखी होते ना, तीच ही क्रिया. भिंतीवर पुन्हा चुनखडीचाच पदार्थ तयार होतो, आणि तेव्हा राहिलेली ४८० किलोकॅलरी बाहेर पडते. पण थर पातळ असतो आणि हे काम कितीतरी दिवस चालते. म्हणून भिंत हाताला गरम लागत नाही. २८० आणि ४८० मिळून ७६०. हिशेब चुकता!

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या हेस या शास्त्रज्ञाने १८४० साली हा नियम मांडला. सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील, तर क्रिया एका पायरीत होवो की अनेक पायऱ्यांत, एकूण उष्णता तेवढीच. वरच्या वर्गात गेल्यावर यालाच 'एन्थॅल्पीतील बदल' म्हणतात, असे गुरुजींनी सांगितले.

आता घरी सांगण्यासारख्या गोष्टी :

१) चुन्यावर थोडे पाणी ओतू नये. भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा. हे काम मोठ्या माणसांनीच करावे.
२) प्लॅस्टिकची बादली घेऊ नये, ती मऊ पडते.
३) कळीच्या चुन्याचे पोते ओलीत किंवा कडब्याजवळ ठेवू नये. पाणी लागल्यास आग लागू शकते.
४) डोळ्यात चुना गेल्यास चोळू नये, तेल-तूप घालू नये. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावे आणि लगेच डॉक्टरकडे न्यावे.
५) तंबाखूच्या चुन्याची पुडीसुद्धा लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. विरलेला चुना थंड असला तरी डोळा जाळतो.

भावाचा फोड आता बरा झाला आहे. डाग मात्र राहिला. तो दिसला की मला फळ्यावरचा हिशेब आठवतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी