फाइलच्या नावाआधी चौदा आकडे कशाला?

प्रश्न : मी रुबी ऑन रेल्स शिकतोय. कमांड दिल्यावर आपोआप जी मायग्रेशन फाइल तयार झाली, तिचं नाव ‘२०२४०३११०५३०००_क्रिएट_बुक्स’. फाइल केली सकाळी ११ वाजता, मग हे ०५३० कुठलं? नाव सुटसुटीत केलं तर चालेल?

उत्तर : आकड्यांना हात लावू नका. ती तारीख-वेळ आहे, अगदी सेकंदापर्यंत. फक्त जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे पाचला काम करत बसलात, तर फाइलवर कालची तारीख पडेल.

मायग्रेशन क्रमानेच चालावी लागतात. आधी टेबल, मग त्यात कॉलम. पूर्वी रेल्स ००१, ००२ असे साधे क्रमांक द्यायचं. एकटा माणूस असेल तर ठीक. पण दोघांनी आपापल्या मशीनवर ००८ नंबरची फाइल केली की कोड एकत्र करताना पंचाईत. म्हणून २००८ मध्ये रेल्स २.१ ने वेळेचा शिक्का आणला. जँगो मात्र आजही ०००१, ०००२ वरच आहे. त्याचं भागतं, कारण आपल्या आधी कोणती फाइल चालायला हवी हे प्रत्येक फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. लाराव्हेल तारीख अंडरस्कोरने तोडून लिहितं. वाचायला मला तेच बरं वाटतं. गंमत म्हणजे त्याच्या तयार ‘युजर्स’ मायग्रेशनवर कित्येक वर्षं २०१४_१०_१२ हीच तारीख होती, प्रोजेक्ट २०२० मधला असला तरी!

आता नाव बदलण्याचं. चालवून झालेल्या मायग्रेशनचा आकडा रेल्स डेटाबेसमधल्या ‘स्कीमा_मायग्रेशन्स’ टेबलात नोंदवून ठेवतं. तुम्ही आकडा बदललात की त्याच्या लेखी ती नवी फाइल. ते ती पुन्हा चालवायला जाणार आणि ‘टेबल आधीच आहे’ म्हणून अडणार. पुढचे शब्द बदलता येतात, पण मग आतल्या क्लासचं नावही तसंच बदला, कारण फाइलच्या नावावरूनच रेल्स क्लास शोधतं.

फाइल अजून चालवली नसेल तर सरळ काढून टाका आणि नव्याने करा. नाव मात्र कमांड देतानाच विचार करून द्या. ‘अ‍ॅड प्राइस टू बुक्स’ अशा धाटणीचं नाव आणि पुढे कॉलमचा प्रकार दिलात, तर कॉलम जोडणारी ओळही रेल्सच लिहून देतं.